कोर्टाचा गाडा एकटे न्यायाधीश ओढत नाहीत



कोर्टात तारीख पडली की आपण न्यायाधीशांना नाहीतर वकिलांना शिव्या देत घरी येतो. लघुलेखकाची जागा रिकामी आहे, एकच बेलीफ दोघांचे समन्स बजावतो आहे, लिपिक तीन टेबले सांभाळतो आहे, इकडे कुणाचे लक्ष जात नाही. आपण रेल्वेवाल्यांना तरी हे कळायला हवे. पॉइंट्समन आणि गँगमन नसतील तर नुसत्या ड्रायव्हरच्या जोरावर गाडी सुटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांसाठी लघुलेखक, कनिष्ठ लिपिक व शिपाई मिळून ४,६२९ जागांची जाहिरात काढली. भरती निघाली, आनंद आहे. पण इतक्या जागा एका रात्रीत रिकाम्या होत नाहीत. त्या साठू दिल्या गेल्या, आणि त्या काळातले काम उरलेल्यांच्या मानेवर बसले.

आणि भरलेला माणूस टिकतो का? आमच्या समता कॉलनीतली एक मुलगी लघुलेखनाची परीक्षा पास होऊन एका कोर्टात लागली. रात्री आठपर्यंत टंकलेखन, बढतीचा पत्ता नाही. दुसऱ्या खात्याची परीक्षा देऊन ती निघून गेली. साहेब म्हणाले, हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत. अहो, कष्ट तिने केलेच होते, मोबदला कुठे होता?

शेट्टी आयोगाने न्यायाधीशांबरोबर कनिष्ठ न्यायालयांतील कर्मचाऱ्यांचाही विचार केला होता. त्या शिफारशी १ एप्रिल २००३ पासून लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना २००९ साली सांगावे लागले. पुढे २०१७ साली दुसरा न्यायिक वेतन आयोग नेमला, तो फक्त न्यायिक अधिकाऱ्यांसाठी. त्यांची सुधारित वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून द्या, असा आदेश जुलै २०२२ मध्ये झाला. न्यायाधीशांना चांगला पगार मिळावा, आमची तक्रार नाही. पण त्याच दालनात खाली बसणाऱ्याला आयोगाच्या यादीतून का वगळले?

मी वकील नाही, मॅट्रिक शिकलेला आहे, पण हजेरीपट मला वाचता येतो. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगारांना नियमित करण्याचा निकाल दिला आणि कायम कामासाठी तात्पुरती माणसे वापरण्यावर कडक ताशेरे ओढले. उत्तम निकाल! तोच न्याय न्यायालयांच्या आवारात ठेक्यावर झाडू मारणाऱ्याला आणि संगणक चालवणाऱ्याला कधी लागू होणार?

यात बुडतो तो आपलाच माणूस. कंपनीचा मालक दहा वर्षे थांबू शकतो. कामावरून काढलेल्या ट्रॅकमनच्या घरी दहा महिनेही निघत नाहीत.

म्हणून महासंघाच्या पुढील बैठकीत न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठी वेगळा वेतन आयोग, दरवर्षी ठरल्या वेळी भरती आणि ठेकापद्धत बंद, असा पाठिंब्याचा ठराव मी मांडणार आहे. शाखा सचिवांनी आपापल्या जिल्हा न्यायालयातील रिकाम्या जागांचा आकडा सोबत आणावा.