तळीरामाचे वक्तृत्व

राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी आपल्याच विदर्भात, सावनेरला वारले. त्यांचे 'एकच प्याला' त्यानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आले. या नाटकाबद्दल बोलताना सर्वजण सुधाकराच्या भाषणांचे कौतुक करतात. माझे मत थोडे निराळे आहे. या नाटकातला खरा वक्ता तळीराम आहे.

सुधाकर दारूच्या पायऱ्या रामलालला समजावून सांगतो, ते भाषण अलंकारांनी भरलेले आहे. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्याचा परिणाम काय? बोलणारा स्वतःच वाचत नाही. ज्याने पहिला प्याला घेतलेला नाही त्यालाच जाऊन सांग, असे तोच म्हणतो. म्हणजे इतके मोठे भाषण, पण उशिरा आलेले!

तळीराम मात्र वेळेवर येतो. न्यायाधीशाशी खटका उडून सुधाकराची सनद काही काळ रद्द होते, अपमानाने तो जळत असतो, आणि रामलालसारखा मित्र विलायतेला गेलेला असतो. अशा वेळी हा कारकून दारूचे गुण गात बसत नाही. तो दुःख विसरण्याचा उपाय सांगतो. मागणीही केवढी? एकच प्याला! शेक्सपिअरचा अँटनीही असाच. सीझरचे मृत्युपत्र आहे म्हणतो, पण लोकांनी आग्रह करीपर्यंत वाचत नाही. ब्रूटस कारणे देतो, अँटनी लोकांच्या जखमेवर बोट ठेवतो. जिंकतो अँटनीच.

हे मला पुस्तकाआधी राजूरने शिकवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. घरात पुस्तक नव्हते, पण तळीराम येत असे. ठेकेदाराच्या माणसाने चारचौघांत शिवी देऊन बाबांची हजेरी कापली, त्या संध्याकाळी तो दारात उभा होता. "घे ना गा, एकानं काय होते?" एवढेच त्याचे भाषण. त्यात ना उपमा, ना अनुप्रास. आईच्या रडण्यापेक्षा ते प्रभावी ठरले.

काही जण म्हणतील, कायद्याने बंदी करा. आमच्या वणी तालुक्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, हा वाद मोठ्यांनी करावा. पण दुकान बंद केल्याने अपमान बंद होत नाही. सुधाकर एकदा दारू सोडतो, काम शोधायला निघतो, तेव्हा प्रतिष्ठित लोक त्याला हिणवतात. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो, तो या सज्जनांमुळे. त्या दिवशी तळीरामाला बोलण्याचीही गरज पडत नाही.

आपण दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथ घेतो, घोषवाक्ये रंगवतो. शपथ वाईट नाही. परंतु रामलाल वर्षातून एकदा हार घालून येतो आणि तळीराम रोज संध्याकाळी येतो, हे विसरून कसे चालेल? माझी प्राध्यापकांना विनंती आहे की, वक्तृत्वस्पर्धेत एकदा तरी तळीरामाला उत्तर देण्याचा विषय ठेवावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, ते उत्तर व्यासपीठावरून देऊन पुरणार नाही. अपमान गिळून घरी आलेल्या माणसाशेजारी तळीरामाच्या आधी जाऊन बसावे लागेल.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष