वाळवणीचे मोल

सन १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने मुंबई इलाख्यातील गांजाची चौकशी करताना, त्याचे तुरे उन्हात पसरून, पायांनी तुडवून, पुनःपुन्हा उलथून चपटे कसे केले जातात, याचे सविस्तर वर्णन आपल्या अहवालात नमूद केले. आमच्या शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात तेव्हा पिकणाऱ्या त्या मालावर अबकारी महसूल अवलंबून असल्यामुळे सरकारची दृष्टी थेट खळ्यापर्यंत पोहोचली होती. परंतु ज्या कांद्यावर आमच्या ओतूर परिसरातील कुटुंबांचे वर्षाचे गणित उभे असते, त्याच्या वाळवणीला लिलावात स्वतंत्र मोल नसावे, हा मला उघड अन्याय वाटतो.

उन्हाळी कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की काढणी करावी, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकून तीन-चार दिवस शेतातच सुकू द्यावे, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि सावलीत दहा-बारा दिवस पातळ थर पसरून ठेवावा, अशी ही प्रक्रिया आहे. तिच्यात मान मिटते, वरचे पापुद्रे कोरडे होऊन कांद्याला कवच लाभते, आणि कुजवणाऱ्या जंतूंना आत शिरण्याची वाट उरत नाही. ओल्या मानेचा कांदा बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत भरला, तर बराख कितीही हवेशीर असो, आतला माल सडू लागतो. राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय आपल्यापासून दूर नाही आणि शास्त्र आपल्या शेतकऱ्याला अपरिचितही नाही. अडचण हिशेबाची आहे.

कारण नीट सुकवलेल्या कांद्याचे वजन घटते, मजुरी व जागा अडकते, वळिवाच्या पावसाची धास्ती सोसावी लागते. आणि एवढे करून तो माल बाजारात आला, की गोळा, गोल्टी अशी आकाराचीच प्रतवारी त्याच्या वाट्याला येते. घाईने काढलेला ओला कांदा त्याच्याच शेजारी वजनाने भारी ठरतो, म्हणजे पाण्याचेही पैसे होतात! अशा व्यवहारात कष्ट करणाऱ्याने कष्ट का करावेत?

सरकार चाळ बांधण्यास अनुदान देते, ते स्वागतार्ह आहे. पण चाळीत शिरण्यापूर्वीच्या त्या पंधरवड्यासाठी सावलीचे छप्पर व ताडपत्री यांनाही ते मिळाले पाहिजे. आणि ओतूरच्या उपबाजारात बाजार समितीने सुक्या मानेच्या मालाचे वक्कल वेगळे लावून त्याचा लिलाव वेगळा पुकारावा. येत्या उन्हाळी हंगामापासूनच.