शिष्यवृत्ती अंतराची की राज्याच्या सीमेची?

शेततळ्यावर माशांना खाद्य टाकून आलो आणि लिहायला बसलो. आज पिकाचं नाही, पोरांच्या शिक्षणाचं लिहितोय.

मागच्या आठवड्यात पुतण्याला सोडायला अंधेरीला गेलो होतो. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ सालची, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची. १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. इथं मत्स्यशास्त्रात एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी. होते. देशभरातली पोरं परीक्षा देऊन येतात. आमच्याकडचे बरेच जण अंधेरी म्हटलं की फक्त सिनेमावाले समजतात, म्हणून सांगितलं.

पुतण्याबरोबर त्याचा बिहारचा मित्र होता. दोघांनी पदवी एकत्र केली, रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. वर्ग एक, जेवण एक. पण बिहारच्या पोराला दरमहा शिष्यवृत्ती मिळायची, आमच्याला नाही. कारण आयसीएआरच्या परीक्षेतून स्वतःच्या राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठात पदवीला प्रवेश घेतला, की नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप मिळते. त्यासाठी विद्यापीठांत जागा राखलेल्या असतात. पदवीच्या १५ टक्के तर वर्षानुवर्षे होत्या.

घरी यावरून कुरकुर झाली. "आपल्या पोरांच्या जागा, वर पैसेही त्यांनाच?" मी पण आधी असंच म्हणायचो.

मग दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. सुट्टीत हे दोघं गावी आले होते. आभाळ आठवडाभर भरलेलं, तळ्याचं पाणी हिरवंगार. पहाटे मासे वर येऊन तोंडं वासत होते. मला वाटलं भूक लागली, मी खाद्याची पाटी उचलली. बिहारचं पोरगं ओरडलं, "काका, टाकू नका! पाण्यात ऑक्सिजन कमी झालाय." रात्री शेवाळ पण ऑक्सिजन खातं, त्यात ऊन नाही, म्हणून पहाटे सगळ्यात कमी. पंप लावून पाणी उंचावरून फवारलं, खाद्य दोन दिवस बंद. मासे वाचले. हे सगळं त्यानं मला मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं.

तेव्हापासून माझं मत बदललं. एकाच वावरात घरचंच बियाणं किती वर्षं पेरणार? विद्यापीठांचंही तसंच. बाहेरची पोरं यावीत, आपली बाहेर जावीत.

पण दोन गोष्टी खटकतात.

एक, मोजमाप राज्याच्या सीमेचं आहे, अंतराचं नाही. निपाणीची पोरगी शेजारच्या कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात या परीक्षेतून आली तर ती बाहेरची. गडचिरोलीचं पोरगं अख्खं राज्य ओलांडून दापोलीला आलं तर ते घरचं! भाडं आणि खानावळ कुणाला जड जाते? गुणवत्तेबरोबर अंतर आणि घरची कमाईही बघायला पाहिजे. अल्पभूधारकांच्या पोरांसाठी राज्याचा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, महाडीबीटीवर अर्ज करा. पण तो वेगळा. हुशारीची शाबासकी वेगळी.

दोन, भाषा. बाहेरून आलेल्या पोरांना पहिल्याच वर्षी कामापुरती मराठी शिकवा. कृषिदूत, कृषिकन्या बांधावर येतात तेव्हा काहींना आमचं कळत नाही, आम्हाला त्यांचं. मग सहा महिने दोघांचेही वाया. बिहारचं पोरगं स्वतःच्या हौसेनं शिकलं, म्हणून माझे मासे वाचले. सगळं हौसेवर कसं सोडायचं?

आता आमच्या घरातला प्रश्न. पुतण्याची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. आई म्हणते, पोरीला राज्याबाहेर पाठवायचं नाही. मी म्हणालो, आई, परक्याच्या पोरानं आपलं तळं वाचवलं, आपली पोर कुणाचं तरी वाचवील. अजून होकार नाही, पण नकारही थोडा मऊ झालाय.

ज्यांची पोरं अकरावी-बारावी सायन्सला आहेत त्यांनी ध्यानात ठेवा: २०२३ पासून आयसीएआरचा पदवी प्रवेश सीयूईटीतून होतो. नुसत्या राज्याच्या सीईटीवर थांबू नका. तुमच्या गावातून कुणी असं बाहेर गेलं असेल तर अनुभव खाली लिहा. आईला वाचून दाखवतो.