तंबूचं खरं वजन

डिसेंबरात सह्याद्रीत मुक्कामी जायचं ठरलं. बाबा म्हणाले, "तंबू मी उचलतो." त्यांचा गुडघा दुखतो, पण जाहिरातीत वजन १.८ किलो होतं, म्हणून मी हो म्हटलं. निघायच्या आदल्या रात्री सहज वजनकाट्यावर ठेवला, तर २.३!

तसं खोटं कुणी बोललं नव्हतं. 'किमान वजन' म्हणजे आतला तंबू, वरचं आवरण आणि दांड्या. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या त्यात धरत नाहीत. बुटांचंही तेच : अनेकदा एकाच बुटाचं वजन छापतात, तेही ठराविक मापाच्या. म्हणून घेताना 'पॅक्ड वेट' बघा आणि घरी प्रत्येक वस्तू स्वतः तोलून बघा.

तंबू माझ्या सॅकमध्ये आला. खुंट्यांची पिशवी मात्र बाबांनी सोडली नाही.