बलाढ्य प्रतिपक्षाचे मोजमाप

बलवान प्रतिपक्षाशी गाठ पडली असता मनुष्याच्या मनाचे दोन रोग उघडे पडतात. एक भीती आणि दुसरा तुच्छता. वरवर पाहता हे परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे समोरच्याकडे नीट न पाहणे. भ्यालेला मनुष्य डोळे मिटून घेतो, गर्विष्ठ मनुष्य मान फिरवितो. पाहत मात्र कोणीच नाही. हा विचार सुचण्यास निमित्त झाले आहे ते मुलींच्या बास्केटबॉलचे, आणि आमच्या विद्यार्थिनी व त्यांचे पालक यांच्यापुढे तो मांडावा असे आम्हांस वाटते.

आमच्या मैदानावर खेळू लागलेल्या मुली पुढे लातुरातील महाविद्यालयांत जातात. तेथे ज्या खेळत राहतात, त्यांचे आंतरमहाविद्यालयीन सामने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत होतात. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या संघात ज्यांची निवड होते, त्यांस पुणे, मुंबई येथील विद्यापीठांच्या मुलींशीही सामना देण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी आमच्या मुलींच्या तोंडून काय ऐकू येते? "त्या पुण्याच्या आहेत." "त्यांच्यातली एक सहा फूट उंच आहे." "त्यांचे बूट पाहिलेस का?" ही वाक्ये खोटी असतील असे आम्ही म्हणत नाही, पण यांपैकी एकातही खेळाविषयी एक अक्षर नाही. गावाचे नाव आणि पायांतील बूट यांवरून बलाचा अंदाज बांधला, की पंचाने शिटी वाजविण्यापूर्वीच निम्मा सामना आपण देऊन बसतो.

नवल हे, की याच गावच्या मुली दुसऱ्या एका प्रतिपक्षासमोर असे कधीही वागत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षांतील ज्या यशामुळे लातूरचे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि ज्याला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणतात, त्याचे मर्म काय आहे? विद्यार्थी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करतो, घड्याळ लावून त्या सोडवितो, कोणत्या प्रकरणावर किती गुण येतात व आपले गुण कोठे गळतात हे मांडून ठेवतो, आणि पुन्हा सोडवितो. प्रश्नपत्रिका पुण्याहून निघाली म्हणून कोणी घाबरत नाही. परीक्षेपुढे जी बुद्धी आपण चालवितो, ती मैदानाच्या कडेला बाहेर ठेवून का जावे?

आता मोजावयाचे ते काय, हे सांगितले पाहिजे. बास्केटबॉल हा मोजण्यास फार सोयीचा खेळ आहे. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. कडे जमिनीपासून १० फूट उंच. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा. चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत फेक झाली पाहिजे. आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून कड्यात चेंडू पडला तर तीन गुण, आतून पडला तर दोन. प्रतिपक्षाचा एखादा सामना आधी पाहावयास मिळाला, तर राखीव मुलींनी वही-पेन्सिल घेऊन बसावे आणि इतकेच टिपावे: कोणत्या मुलीने कोठून किती वेळा फेक केली व त्यांतील किती पडल्या, कोण केवळ उजव्या हातानेच चेंडू पुढे नेते, चुकलेला चेंडू कोणाच्या हाती जातो, आणि चौथ्या भागात कोणाचे पाय जड होतात.

एवढ्या आकड्यांतून काय निघते पाहा. समजा, एका मुलीने जवळून दहा फेका केल्या व पाच साधल्या. तिचे गुण दहा झाले. दुसरीने दुरून दहा फेका केल्या व दोनच साधल्या. तिचे गुण सहा. दुसरीची फेक दिसावयास मोठी डौलदार, प्रेक्षक टाळ्या वाजवितात ते तिलाच. पण आपणांस भय आहे ते पहिलीचे. तर दुसरीला दुरून खुशाल फेकू द्यावे आणि तिच्यावर राखण करणारी मुलगी कड्याजवळ पहिलीच्या वाटेत उभी करावी. 'त्या फार बलवान आहेत' या एका भयानक वाक्याचे असे तुकडे केले, की त्यांतील काही तुकडे आपल्या हातांत मावण्याजोगे निघतात.

ही केवळ शाळामास्तरांची कल्पना नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींचे बास्केटबॉल फार मोठ्या प्रमाणावर चालते. २०२३ साली तेथील साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ त्या हंगामातील सर्व ३६ सामने जिंकून उपान्त्य फेरीत आला होता. आदल्या वर्षीचे विजेतेपदही त्याचेच होते. कड्याखाली त्यांच्या उंच, धिप्पाड मुलींशी झुंजणे कोणालाही जमत नव्हते. त्यांच्यापुढे उभा राहिला आयोवा विद्यापीठाचा संघ. आयोवाच्या लोकांनी पाहिले, की या संघातील काही मुलींची दुरून होणारी फेक भरवशाची नाही. त्यांनी अशा मुलींना मोकळे सोडले आणि कड्याभोवती गर्दी केली. साउथ कॅरोलायनाने रेषेबाहेरून २० फेका केल्या व त्यांतील ४ पडल्या. आयोवाच्या केटलिन क्लार्क हिने ४१ गुण केले, आणि ७७ विरुद्ध ७३ असा तो सामना आयोवाने जिंकला. क्लार्कच्या ४१ गुणांचे कौतुक जगाने केले, ते योग्यच. परंतु तिच्या संघाने आधी शांतपणे पाहून ठेवले होते, हेही तितकेच कौतुकास पात्र आहे.

या कथेचा उत्तरार्ध आमच्या मते पूर्वार्धाहून अधिक बोधप्रद आहे. त्या सामन्यात ज्या मुलीला फेकीच्या जागी उघड उघड मोकळे सोडण्यात आले, तिचे नाव रेव्हन जॉन्सन. सगळ्या देशाने पाहिलेला तो अपमान होता. तिने खेळ सोडला नाही. तिने आपले उणे ओळखले व वर्षभर त्यावर मेहनत केली. २०२४ च्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. पहिल्या दहा मिनिटांत क्लार्कने १८ गुण केले. पुढील तीस मिनिटांत मिळून तिला केवळ १२ च करता आले, आणि तिच्यावर राखण करणाऱ्यांत ही जॉन्सन प्रमुख होती. साउथ कॅरोलायनाने ८७ विरुद्ध ७५ असा विजय मिळविला. तात्पर्य, प्रतिपक्षही आपल्याला मोजत असतो. त्याने आपल्यातील जे उणे शोधून काढले ते आपल्याला फुकट मिळालेले शिक्षण होय. ते घेऊन घरी यावे आणि कामास लागावे.

उंचीचा प्रश्न राहिला. तो आमच्या मुली वारंवार विचारतात, आणि त्याचे उत्तर जपानच्या मुलींनी दिले आहे. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्याहून उंच अशा फ्रान्सच्या संघाला त्यांनी उपान्त्य सामन्यात ८७ विरुद्ध ७१ असे हरविले. त्या सामन्यात रुई माचिदा या अवघ्या १६२ सेंटिमीटर उंचीच्या मुलीने १८ वेळा असा चेंडू दिला, की घेणारीने तो थेट कड्यात टाकला. उंच प्रतिपक्षाशी उंचीच्या जागी झगडावयाचे नाही, हे त्यांनी ठरविले होते. वेग आणि दुरून नेम ही आपली जागा त्यांनी निवडली.

येथे कोणी आक्षेप घेईल, की मोजमाप केल्याने प्रत्येक सामना जिंकता येतो काय? मुळीच नाही. अंतिम सामन्यात त्याच जपानला अमेरिकेने ९० विरुद्ध ७५ असे नमविले. आणि त्याच वर्षी आशियाई चषकात आमच्या भारतीय मुलींना जपानने १३६ विरुद्ध ४६ असे हरविले. नव्वद गुणांचे अंतर एका रात्रीत वहीने भरून निघत नाही. परंतु वही नसेल तर हाती राहतो केवळ तो आकडा आणि त्याची लाज. वही असेल तर दिसते, की इतके गुण चेंडू हातचा गेल्याने दिले, इतके कड्याखाली मागे राहिल्याने, आणि इतके आपण जवळून चुकल्याने. यांतील एक तरी कारण पुढील वर्षी निम्म्यावर आणता येते. अपयशाचे असे हिशेब ठेवणारा संघ हरतो, पण मोडत नाही.

आता दोन शब्द पालकांकरिता. आमच्या पाहण्यात असे येते, की मुलगी मोठ्या फरकाने हरून आली की घरात निकाल लागतो: "पुरे झाले, आता दहावी आली." हार हे निमित्त होते आणि खेळ सुटतो तो कायमचा. आम्ही विनयपूर्वक विचारतो, की हे मोजमाप कशावरून केले? मुलींचे बळ ऐकीव गोष्टींवरून ठरविण्याची चूक फार जुनी आहे. बास्केटबॉल १८९१ साली जेम्स नाइस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुणांच्या एका शिक्षणसंस्थेत निर्माण केला, व दुसऱ्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील मुलींस शिकविला. त्या काळी लोकांची समजूत अशी, की इतकी धावपळ स्त्रियांस झेपणार नाही. म्हणून मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीने आपल्याच भागात राहावे असा नियम करावा लागला. आज मुली पूर्ण मैदानभर चाळीस मिनिटे धावतात. माप चुकले होते, मुली नव्हे.

आणि दूर कशास जावे? लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांस लाभला. आपल्याच दुष्काळी मुलखातील ही मुलगी. तिच्या घरच्यांनी पहिल्या हारीलाच मैदान बंद केले असते, तर या पदकाचा मार्ग तेथेच खुंटला असता.

सबब आमची विनंती अल्प आहे. मुलींनी पुढील सामन्यास जाताना प्रतिपक्षाच्या गावाचे नाव न विचारता त्यांच्या खेळाची चौकशी करावी, आणि परत येताना केवळ निकाल न आणता भरलेली वही आणावी. पालकांनी घरी निकाल विचारण्यापूर्वी ती वही पाहावयास मागावी आणि मुलीकडून समजून घ्यावी. आपल्याहून बलवान असलेल्याला न भिता व न हिणवता पाहता येणे ही विद्या मैदानावर शिकता येते. पुढे नोकरीत, संसारात व सार्वजनिक कामांत ती पदोपदी लागणार आहे, आणि तेथे सराव करण्यास कोणी वेळ देत नाही.