आडव्या रेघेवरून उभे भांडण

इंग्रजीतला हायफन म्हणजे दोन शब्दांमधली इवलीशी आडवी रेघ. "ती नसली म्हणून काय बिघडतं? अर्थ कळल्याशी कारण!" असे म्हणणारी माणसे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली निम्मी आमच्या बँकेत साहेब आहेत. त्यांच्याशी माझे उभे भांडण आहे. तेही या आडव्या रेघेवरून.

परवा एका निवृत्त हेडमास्तरांची सही जुळेना. पुन्हा सही करून द्या, असे पत्र साहेबांनी इंग्रजीत धाडले. आता 'री-साइन' म्हणजे पुन्हा सही करणे. मधली रेघ गाळली, की त्याच अक्षरांचे होते 'रिझाइन', म्हणजे राजीनामा! साहेबांनी रेघ गाळली. मास्तर पत्र घेऊन काउंटरवर हजर. "अहो, नोकरी सुटून आठ वर्षं झाली. आता राजीनामा कशाचा देऊ, संसाराचा? हिला विचारलं, तर ही म्हणते, देऊन टाका!"

सगळे हसले. मी नाही हसलो. आम्हां कॉमर्सवाल्यांना रेघ दिसत नाही, पैसे दिसतात. हे बघा: 'ट्वेंटी फाइव्ह-रुपी नोट्स' म्हणजे पाचाच्या वीस नोटा, रुपये १००. रेघ एक शब्द अलीकडे सरकवा. 'ट्वेंटी-फाइव्ह रुपी नोट्स' म्हणजे एकेकाच्या पंचवीस, रुपये २५. मधले ७५ कोणी भरायचे? कॅशियरने!

अमेरिकन सरकारने तर भरलेच. १८७२ च्या जकात कायद्यात 'फ्रूट-प्लँट्स', म्हणजे फळझाडांची रोपे, तेवढी माफ करायची होती. रेघेच्या जागी स्वल्पविराम पडला. झाले! फळे निराळी, रोपे निराळी, दोन्ही माफ. वसूल केलेली जकातही परत करावी लागली. लाखो डॉलर गेले.

साहेबांनी तरी हुकमाचे पान टाकलेच. "२००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड कोशानंच सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढले ना?" काढले की! 'पिजन-होल' जोडून टाकले, 'आइस-क्रीम' तोडून टाकले. पण अर्थ जागचा हलला नाही. भिंतीवरची नको ती खुंटी काढणे निराळे आणि तुळईचा खिळा उपटणे निराळे.

अर्थ कळल्याशी कारण, हे मलाही मान्य. पण तो कळवायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. वाचणाऱ्याने घरी बसून कोडी का सोडवायची?

मास्तरांना नवे पत्र मीच लिहिले. रेघ चांगली ठसठशीत ओढली. त्यांनी पुन्हा सही करून दिली. संसार शाबूत आहे.