तारीख न मागणारा वकील

आपल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत, सिनेमांत वकील पुष्कळ आहेत. पण त्यांतले बहुतेक खुनाच्या खटल्यातले. आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवायचे, उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडायचा आणि पडदा पाडायचा, एवढे त्यांचे काम. थकलेल्या बिलाचा, मोडलेल्या कराराचा, बुडत्या कर्जाचा दावा चालवणारा वकील आपल्या साहित्यात फारसा फिरकलाच नाही. त्याच्या कामात रक्त नाही, प्रेत नाही; आहे ती खातेउताऱ्यांची चळत. कादंबऱ्या लिहीत असलो तरी माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी वसुली खात्यात. त्यामुळे ही माणसे मला जवळून पाहायला मिळाली. अलीकडे ओळखीतले आईबाप विचारतात, ‘मुलगी लॉ झाली. कंपनीच्या ऑफिसात पाठवू की कोर्टात?’ पगार पाहिला तर उत्तर सोपे आहे. मला मात्र हा प्रश्न त्या मुलीपुरता वाटत नाही.

बँकेचा दावा बाहेरून दिसतो तितका सरळ नसतो. डिमांड प्रॉमिसरी नोट, नजरगहाणाचा करार, जामीनदाराचे हमीपत्र आणि खातेउतारा दाखल केला की हुकूमनामा मिळालाच, असे नव्या मॅनेजरला वाटते. आमच्या पॅनेलवर जिल्ह्याच्या गावचे एक ज्येष्ठ वकील होते. फाईल हातात आली की ते रक्कम पाहत नसत, शेवटची सही कधीची आहे ते पाहत. मुदतीचा कायदा १९६३ चा. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत. त्या तीन वर्षांच्या आत कर्जदाराने बाकी मान्य असल्याची सही दिली, तर तिथून पुन्हा तीन वर्षे मोजायची. मुदत उलटल्यावर एका दिवसाने घेतलेली तीच सही कलम १८ खाली निरुपयोगी. ‘बॅलन्स कन्फर्मेशन’च्या कागदासाठी आमचे फील्ड ऑफिसर मोटारसायकलवरून कर्जदारांच्या दारात का उभे राहत, याचे हे कारण.

सहीनंतर ते व्याजाचा रकाना वाचत. ‘साहेब, हे दंडव्याज वगळा. न्यायाधीशांनी विचारण्याआधी आपणच वगळू,’ असे म्हणत, आणि आमचे वरिष्ठ चिडत. एकदा तर एका गोदामाच्या आगीनंतरच्या थकबाकीची फाईल वाचून त्यांनी दावा लावायलाच नकार दिला. माल बँकेकडे नजरगहाण होता, विम्याचा हप्ता खात्यातून बँकेने भरायचा ठरला होता आणि शाखेकडून तो भरलाच गेला नव्हता. ‘दावा लावाल तर तो उलट दावा लावेल आणि तुम्हीच अडकाल. तडजोड करा.’ तडजोड झाली. पाच-दहा वर्षांचे एक प्रकरण तासाभरात मिटले. या सल्ल्याचे बिल किती झाले ते शेवटी सांगतो.

याच्या उलट दुसरा प्रकार, आणि तो संख्येने मोठा. याचे सगळे कसब तारीख मिळवण्यात. वकीलपत्र दाखल करायला तारीख, कैफियतीला तारीख, कैफियत आली की मुद्दे काढायला तारीख. आपण याला आळस म्हणतो. पण यात आळस नाही, हिशेब आहे. दाव्याच्या रकमेवर किती व्याज द्यायचे हे कोर्टाच्या विवेकावर असते आणि बाजारात उसन्या पैशाला पडणाऱ्या व्याजापेक्षा ते बहुधा कमी भरते. म्हणजे दुसऱ्याचे पैसे अडवून कोर्टात बसणे हे प्रतिवादीला स्वस्तातले कर्जच झाले. त्यात वकिलाची फी जर हजेरीगणिक असेल, तर प्रत्येक तारीख दोघांच्याही सोयीची. वादीच्या बाजूला तरी घाई असते का? बँकेचा अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो; त्याच्या रजिस्टरात ‘दावा दाखल’ एवढी नोंद पडली की त्याची जबाबदारी संपली. पुढचा साहेब फाईल शोधण्यापासून सुरुवात करतो. कोर्टाच्या विलंबावर आपण तावातावाने बोलतो, पण त्यातला अर्धा विलंब पक्षकाराच्या कपाटात पडलेला असतो.

या सगळ्यावर कायद्यात जुनी मात्रा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली लेखी करारावर किंवा हुंडी-चेकवर ‘समरी सूट’ लावता येतो. तिथे प्रतिवादीला बचाव करण्याचा आपोआप हक्क नाही. त्यासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते. त्या अर्जासोबतच्या चार-सहा पानांच्या प्रतिज्ञापत्रात खरोखर विचार करण्याजोगा वाद दिसला तर परवानगी मिळते, शंका वाटली तर ‘आधी पैसे कोर्टात भरा’ अशी अट पडते, आणि काहीच दिसले नाही तर हुकूमनामा. वकिलाची खरी परीक्षा या चार पानांत होते. तिथे आवाज लावून उपयोग नसतो. ‘कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या’ हा आमच्याविरुद्धचा नेहमीचा बचाव. आणि तो दर वेळी खोटा असे, असे मी म्हणणार नाही.

२०१५ चा व्यापारी न्यायालयांचा कायदा याच दिशेने आणखी पुढे गेला. कागदपत्रे दाव्यासोबतच द्यायची, मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञेवर सांगायचे, कैफियत जास्तीत जास्त १२० दिवसांत, त्यानंतर तो हक्कच बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा १२० दिवसांचा बांध पक्का केला. मूळ कायद्यातली एक कोटीची किमान मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवर आली, म्हणजे जिल्ह्याच्या बाजारपेठेतला व्यापारीही त्यात आला. तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर आधी मध्यस्थीकडे जाणे सक्तीचे आहे, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. थोडक्यात, तारखेआधी काम करणारा वकील या कायद्याने गृहीत धरला आहे. तो आणायचा कुठून, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला पूर्वी सॉलिसिटर दावा बांधून द्यायचा आणि कौन्सेल तो कोर्टात मांडायचा. ही सक्ती सत्तरच्या दशकात गेली, सवय राहिली. कौन्सेल होऊ पाहणारा तरुण एखाद्या चेंबरमध्ये शिरतो, ब्रीफ वाचतो, टिपणे काढतो, सीनियरच्या मागे उभा राहतो. सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमधून पालखीवाला, सीरवाई, फली नरिमन असे दिग्गज निघाले. पालखीवालांचे नाव आपण १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यासाठी घेतो. पण कांगांबरोबरचा त्यांचा ग्रंथ प्राप्तिकराच्या कायद्यावरचा आहे, १९५० चा. आकडे वाचायची सवय त्या चेंबरमध्ये लागत असे.

पण अशा चेंबरमध्ये पाच-सात वर्षे नगण्य मोबदल्यावर काढणे कोणाला परवडते? ज्याचे घर दक्षिण मुंबईत आहे किंवा ज्याचे वडील वकील आहेत त्याला. लातूरच्या शिक्षकाच्या मुलीने पेइंग गेस्टचे भाडे कशातून भरायचे? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मग ती मुलगी एक तर मोठ्या फर्ममध्ये करारांचे मसुदे तपासायला जाते, किंवा गावी परतून पहिल्या महिन्यापासून मिळेल ते वकीलपत्र घेते आणि हजेरीच्या फीवर जगायला शिकते. तारीख मागणारा वकील असा तयार होतो. त्याला दुष्ट ठरवून काही साधत नाही.

इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याचे चाळीस लाखांचे बिल थकले आहे असे समजा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा धाक त्याला काही वर्षे वापरता आला. मार्च २०२० मध्ये तिथली किमान रक्कम एक लाखावरून एक कोटी झाली आणि ते दार त्याला बंद झाले. बँकांना १९९३ पासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, २००२ पासून तारण जप्त करण्याचा अधिकार आहे. या व्यापाऱ्याजवळ आहे ते जिल्ह्याचे व्यापारी न्यायालय आणि एक चांगला वकील, मिळाला तर. पुढे हुकूमनामा मिळाला की पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवून ठेवले आहे. दरखास्तीचा तो प्रपंच वेगळाच.

माझी सूचना छोटी आहे. बँका, विमा कंपन्या, महानगरपालिका हे या देशातले मोठे पक्षकार. त्यांनी पॅनेलचे दर ठरवताना हजेरीची फी कमी करून मसुद्याची, कागद तपासण्याची आणि तडजोडीच्या सल्ल्याची फी भरभक्कम करावी. बिलात कनिष्ठ वकिलाचे नाव आणि मोबदला वेगळा दाखवायला सांगावा, आणि तो थेट त्याच्या खात्यात भरावा. ऑडिटवाले हरकत घेतील. त्यांना दहा वर्षे चाललेल्या एखाद्या दाव्याचा खर्च मांडून दाखवावा.

आता त्या आगीच्या प्रकरणातल्या वकिलांचे बिल. आमच्या छापील फॉर्मवर दावा दाखल करणे, हजेरी आणि हुकूमनामा असे तीन रकाने होते. त्यांचे काम तिन्हींत बसेना. अखेर ते ‘किरकोळ’ खाली नोटीस फी म्हणून दाखवून मंजूर केले गेले. त्यांनी पावतीवर सही केली आणि पुढची फाईल मागितली.